हजार खणांचा शब्द

राजेश्वरीअक्कांबद्दल मी सगळं चांगलंच लिहीन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. माझं त्यांच्याशी एक भांडण आहे आणि ते मिटलेलं नाही. त्या आता सोलापुरात नसतात. लेकीकडे हैदराबादला असतात, तिथं कुठल्याशा मुलींच्या तंत्रनिकेतनात शिकवतात, असं ऐकतो. मी इथंच आहे. पण त्या भांडणापासून कुठलाही सौदा करताना समोरच्याला वर काही द्यायचं म्हटलं की माझी जीभ अडखळते. सौद्याच्या माणसाचं याहून मोठं नुकसान दुसरं नसतं.

माझं सगळं आयुष्य घासाघिशीत गेलं. बसस्थानकाबाहेर हातगाडीवर डागी टॉवेल विकण्यापासून मी सुरुवात केली. डझनावर एक टॉवेल वर द्यायचा, हा आमचा रिवाज. गिऱ्हाईक भावावर अडलं की मी तो वरचा टॉवेल झटकून दाखवायचो आणि सौदा जमायचा. पुढे जुने मोबाइल विकले, मग जुने कॉम्प्युटर, मग गाड्यांवर बसवायची जीपीएस यंत्रं. माल बदलत गेला, वर एक द्यायची सवय तीच राहिली.

अक्का पहिल्यांदा आल्या त्या माझ्या जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात. तेव्हा त्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळायच्या. पन्नाशीच्या आसपासचं वय, उंच, हडकुळ्या, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, चष्म्याची एक काडी तुटलेली आणि ती सुताने घट्ट गुंडाळलेली. त्यांना एक हार्ड डिस्क हवी होती. मी भाव सांगितला. आता बाई निम्म्यावर येणार, मग मी कपाळाला हात लावणार, हे सगळं ठरलेलं असतं. पण त्यांनी पिशवीतून वायर काढली, माझ्याच टेबलावरच्या मशिनला डिस्क जोडली, दोन ओळी टाइप केल्या आणि एका चिठ्ठीवर आकडा लिहून माझ्यापुढे सरकवला.

"हे काय?"

"ही डिस्क इतके तास फिरलेली आहे. तुम्ही म्हणालात सहा महिने वापरलीय. सहा महिन्यांत एवढे तास नसतात, मालक."

"अहो बाई, मी कुठं मोजत बसतो? देणाऱ्यानं सांगितलं ते मी सांगितलं."

"देणाऱ्याला कशाला विचारायचं? डिस्कलाच विचारायचं की. आता भाव सांगा."

मी सांगितला. समोरच्यानं एक शब्दही न घासता मी निम्म्यावर आलो, असं त्या दिवशी पहिल्यांदाच झालं. त्या गेल्यावर दुपारभर मी कुणाकुणावर ओरडत होतो. आठ दिवसांनी मीच त्यांच्या घरी गेलो आणि म्हटलं, माझ्याकडे या. अशी बाई समोरच्या बाजूला असण्यापेक्षा आपल्या बाजूला असलेली बरी, एवढं मला कळत होतं.

त्यांचं घर पूर्व भागात. पुढे दोन खोल्या, मागे यंत्रमागांचं शेड. मागांचा खडखडाट असा की मी काय बोलतोय ते मलाच ऐकू येईना. अक्का मात्र त्या आवाजात निवांत चहा गाळत होत्या. मध्येच मान वर करून तेलुगूत शेडकडे काहीतरी ओरडल्या आणि मला म्हणाल्या, "तिसरा बंद पडला." मला तर आवाजात काडीचा फरक जाणवला नव्हता. खरंच तिसरा बंद पडला होता.

त्या दिवशीच त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. सहा मागांच्या शेडमध्ये त्यांनी एकदा आणखी दोन माग घुसवले होते. विजेची जोडणी सहाचीच. आठही माग सुरू झाले, आठही रडत चालले, आणि संध्याकाळी कापड निघालं ते सहा मागांपेक्षा कमी. "नान्ना म्हणत होते, माग वाढले. मी म्हटलं, नान्ना, वीज कुठं वाढली?" तेव्हा त्या शाळेत होत्या म्हणे. मी हसलो. पुढे हीच गोष्ट माझ्यावर शेकणार आहे हे कळलं असतं तर चहा अर्धा टाकून उठलो असतो.

त्या आमच्याकडे आल्या आणि सगळ्यांच्या अक्का झाल्या. माउसला हात लावायच्या नाहीत. उन्हाळ्यात गळ्याभोवती ओला रुमाल. बरोबर अकरा वाजता डबा उघडायचा, कडक भाकरी, शेंगाची चटणी, आणि त्या वेळात समोर गिऱ्हाईक उभं असलं तरी जेवण थांबणार नाही. मशिनशी बोलायच्या तेलुगूत, माणसांशी मराठीत, आणि मला नेहमी वाटायचं की मशिनच्या वाट्याला जास्त माया जाते. मशिनमध्ये काहीही बदल करायचा तर आधी काय होतं आणि आता काय केलं, हे कागदावर लिहून भिंतीला चिकटवायच्या. आमच्या ऑफिसची एक भिंत त्या कागदांनी भरून गेली होती. गिऱ्हाइकांना ती मंदिरातल्या नवसाच्या चिठ्ठ्यांसारखी वाटायची.

आणि त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "खालच्याला विचारा."

खालचा म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. आपण मशिनवर जो प्रोग्रॅम चालवतो तो वरचा, आणि त्याला मेमरी, डिस्क, फायली हे सगळं वाटून देतो तो खालचा. एकदा आमचं काम फार हळू चालायला लागलं. पुण्याहून मशिन देणाऱ्या कंपनीचा माणूस आला, लॅपटॉप उघडून म्हणाला, सगळं हिरवं दिसतंय. अक्का म्हणाल्या, "वरचा हिरवंच दाखवतो. खालच्याला विचारा." त्यांनी विचारलं. खालच्याची मेमरी संपली होती आणि तो बिचारा मेमरीतलं सामान डिस्कवर ने, परत आण, एवढंच करत बसला होता. माणसांच्या बाबतीतही त्यांची हीच रीत. ड्रायव्हर कामावर ठेवायचा तर त्या ड्रायव्हरशी बोलायच्याच नाहीत, त्याच्या क्लीनरशी बोलायच्या.

असं सगळं बरं चाललं होतं. मग मला साखर कारखान्याचं काम मिळालं.

कारखाना शहरापासून तासाभराच्या वाटेवर. हजारावर गाड्या ऊस आणतात, ट्रॅक्टर-ट्रॉली, ट्रक. गाडी फाटकातून आत आली की तिला नंबर मिळतो. ज्याचा नंबर आधी, त्याची गाडी आधी वजनकाट्यावर आणि मग गव्हाणीवर, म्हणजे जिथं ऊस रिकामा होतो तिथं. नंबर मागे पडला तर गाडी दिवसभर उन्हात उभी, ऊस वाळणार, वजन घटणार. या नंबरांवरून डोकी फुटलेली आहेत. म्हणून कारखान्याला यंत्रं हवी होती. गाडीवरचं यंत्र दर थोड्या वेळाने निरोप पाठवणार, मी इथं आहे. ते निरोप आमच्या तीन मशिनांवर जमा होणार, आणि तिथून फाटक, वजनकाटा, शेतकी खातं आपापल्या कामाचे निरोप उचलणार. जमा होणारे निरोप ज्या वेगवेगळ्या खणांत पडतात त्यांना पार्टिशन म्हणतात. अक्कांनी हिशेब करून बारा खण ठरवले होते.

माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं काम. तीन-चार जण टपून बसले होते. कारखान्याच्या साहेबांनी मला सांगितलं, आमची हरकत नाही, पण वाहतूकदार हो म्हणाले पाहिजेत. ते नाही म्हणाले तर काम दुसऱ्याला. म्हणून मी केनयार्डात, म्हणजे ऊसगाड्या थांबतात त्या पटांगणात, लिंबाखाली, वाहतूकदारांपुढे जाऊन बसलो. त्यांचा म्होरक्या मैंदर्गीकडचा सिद्धाराम, धिप्पाड माणूस, अर्धं कानडीत बोलणारा.

"आमच्या गाड्यांचं दुसऱ्याच्या गाड्यांत मिसळायचं न्हाय," सिद्धाराम म्हणाला. "मिसळलं की लबाडी आली. मागं असंच झालंय. आमी हितं पाटं चारला यायचं आन् नंबर कुनाचा तरी मेव्हना घिऊन जायचा."

"मिसळायचा प्रश्नच नाही," मी म्हटलं. "बारा खण ठेवलेत."

"बारा खनांत हजार गाड्या? मग मिसळलंच की!"

सगळे हसले. दोघे तर उठून पंचा झटकायला लागले. सौदा हातातून निसटतोय हे मला कळलं, आणि हात आपोआप वरच्या टॉवेलकडे गेला.

"ऐका की. प्रत्येक गाडीला वेगळा खण देतो. तुमच्या गाडीचा निरोप तुमच्याच खणात. दुसऱ्याचं बोट त्यात जाणार नाही. आणि वर सांगतो, दर तासाची फाईल वेगळी. कुणी म्हटलं गाडी धाला आली, तर धाची फाईल काढून दाखवू."

"परत्येक गाडीला?"

"प्रत्येक गाडीला."

"शबुद?"

"शब्द."

सिद्धारामने माझ्या हातावर हात मारला. मागे अक्का उभ्या होत्या. त्यांच्याकडे मी पाहिलं नाही.

परत येताना गाडीत त्या चिठ्ठीवर आकडे मांडत होत्या. मग म्हणाल्या, "मालक, खण फुकट नसतो."

"त्याला काय लाकूड लागतंय का लोखंड? बाराच्या जागी हजार लिहायचं. तुमची दोन बटणं."

"लिहायला दोनच बटणं. पण प्रत्येक खणाच्या फायली असतात, त्या सगळ्या खालच्याला उघड्या धरून बसाव्या लागतात. तिन्ही मशिनांवर प्रत, म्हणजे तिघांनाही. आणि दर तासाला नवी फाईल, ती एकटी येत नाही, तिच्या दोन याद्या सोबत येतात. हजार गाड्या, दर तासाला. आठ दिवसांचं ठेवायचं. तुम्हीच करा गुणाकार."

"मी गुणाकार करायला तुम्हाला ठेवलंय."

"मी केलाय. म्हणून तर बोलतेय."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्या माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटापाशी गेल्या आणि त्याचे ड्रॉवर एकेक करून पूर्ण बाहेर ओढायला लागल्या. पहिला ओढला. दुसरा ओढला. चहावाला कप घेऊन आला होता, त्याला जायला वाट उरली नाही. चौथा ओढला तसं कपाटच पुढे कलायला लागलं. मी खुर्ची ढकलून धावलो आणि दोन्ही हातांनी ते धरलं.

"अहो, वेड लागलं का? पडलं असतं की अंगावर!"

"कागद तेवढेच आहेत, मालक," अक्का शांतपणे म्हणाल्या. "एक पान वाढवलं नाही मी. नुसते ड्रॉवर उघडे ठेवले."

चहावाला खो खो हसत सुटला. माझे हात कपाटाला अडकलेले, नाहीतर कप फेकला असता.

मी ऐकलं नाही. शब्द दिला होता, आणि दिलेली वस्तू मी कधी परत मागितलेली नव्हती. अक्का आणखी एक गोष्ट म्हणाल्या, तेव्हा मात्र मी क्षणभर थांबलो होतो. म्हणाल्या, "हे खण वाढवता येतात. कमी करता येत नाहीत. नंतर पश्चात्ताप झाला तर सगळं नवीन मांडून, सगळं तिकडे हलवावं लागेल. दिलं की दिलं." मी म्हटलं, मग बरंच आहे, सौदा असाच असतो. त्यांनी कागद काढला. आधी बारा, आता गाड्यांइतके, मालकांच्या सांगण्यावरून. खाली माझी सही घेतली. भिंतीला चिकटवला.

हंगाम सुरू झाला. पहिले दोन-तीन दिवस सगळं लोण्यासारखं चाललं. कारखान्याने आम्हाला वजनकाट्यावरची माडी दिली होती, तिथं तीन मशिनं, आणि खिडकीतून अख्खं यार्ड दिसायचं. सिद्धाराम रोज सकाळी खालून हात करायचा. मी रोज अक्कांना डिवचायचो.

"काय अक्का, कपाट पडलं का?"

"कलतंय."

चौथ्या दिवशी खालच्याने उघड्या फायलींची मर्यादा संपली म्हणून कुरकुर केली. अक्कांनी मर्यादा वाढवली. मी म्हटलं, "बघा, वाढते की. उगं घाबरवत होता." त्या म्हणाल्या, "मर्यादा वाढली. मेमरी तेवढीच आहे. तुम्ही त्याला हजार वह्या दिल्यात आणि प्रत्येकीत एकेक ओळ लिहायला सांगताय. त्याला एका वहीत सलग लिहायला आवडतं." आणि भिंतीवर एक कागद वाढला.

सहाव्या दिवशी भर दुपारी कारखान्याची वीज गेली. आमच्या बॅटऱ्या दहा-बारा मिनिटं धरणार होत्या. मी म्हटलं, चिंता नाही, तेवढ्यात नीट बंद करा. अक्कांनी बंद करायला सांगितलंच होतं. पण नीट बंद करायचं म्हणजे खालच्याने प्रत्येक उघडी फाईल लिहून मिटायची, आणि आता फायली लाखांत होत्या. आम्ही तिघे-चौघे पडद्याकडे बघत उभे. दहा मिनिटं झाली. बारा झाली. बॅटऱ्यांनी मान टाकली आणि तिन्ही मशिनं अर्ध्या वाटेवर मेली.

वीज आली. मशिनं सुरू झाली. आणि काहीच होईना.

"काय करतंय ते?"

"तपासतंय. नीट बंद झालं नव्हतं ना. आता प्रत्येक खण उघडून शेवटची ओळ धड आहे का ते बघणार. एकेक करून."

"किती वेळ?"

"बारा खण असते तर तुम्ही विचारलंही नसतं."

खिडकीतून मला यार्ड दिसत होतं. फाटकावर नंबर मिळेनात. ट्रॅक्टर एकमेकांच्या मागे लागत लागत मोठ्या रस्त्यापर्यंत गेले. हॉर्न सुरू झाले. गव्हाण रिकामी फिरत होती. साहेबांचा फोन, शेतकी अधिकाऱ्याचा फोन, परत साहेबांचा फोन. मला एका जागी उभं राहवेना. मी म्हटलं, बंद करून पुन्हा चालू करा, आणि स्वतःच बटणाकडे गेलो. अक्कांनी माझ्या आधी हात घातला. बटणांवर एक खोकं उपडं ठेवलं, कीबोर्डची वायर उपटली, कीबोर्ड काखेत मारला आणि जिना उतरू लागल्या.

"अहो! कुठं निघालात?"

"त्याला त्रास देऊ नका. तो मोजतोय. पुन्हा बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून मोजेल."

खाली त्या फाटकावर जाऊन उभ्या राहिल्या. कुणाकडून तरी वहीची पानं घेतली, फाडून चिठ्ठ्या केल्या, आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला हाताने नंबर द्यायला सुरुवात केली. काखेत कीबोर्ड, त्याची वायर धुळीत लोंबतेय, गळ्यात ओला रुमाल. जवळजवळ तीन तास त्या तशा उभ्या होत्या. एकाही गाडीचा नंबर चुकला नाही. मी वर त्या तीन मुक्या मशिनांभोवती फेऱ्या घालत होतो.

मशिनं उठली तेव्हा चार वाजून गेले होते. साहेब वर आले. बसले नाहीत. म्हणाले, "आज झालं ते झालं. पुन्हा एकदा गव्हाण थांबली तर तुमचं सामान मी फाटकाबाहेर ठेवीन." एवढं बोलून गेले. आणि वीज तर रोज जाणार होती.

अक्का म्हणाल्या, "बारा खणांची नवी मांडणी करते. उद्या सकाळी एक वेळ ठरवून सगळ्या गाड्या तिकडे वळवायच्या. अर्ध्या दिवसाचं काम."

"करा. लगेच करा." मग मी दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "फक्त कुणाला सांगू नका. त्यांना काय कळतंय, खण हजार आहेत का बारा? नंबर बरोबर मिळाला की झालं."

"सांगितल्याशिवाय मी करणार नाही."

"का?"

"आज ना उद्या कुणाला तरी कळेल की आपली गाडी दुसऱ्याच्या खणात आहे. त्या दिवशी त्यांना वाटेल, नंबर फिरवायलाच केलं. मग तुमचं यंत्र कितीही खरं बोललं तरी कोण ऐकणार?"

"अक्का, मी शब्द दिलाय त्यांना. सगळ्यांपुढं. आता जाऊन म्हणू, घ्या, परत द्या? या जिल्ह्यात पुन्हा कोण माझ्याशी हातमिळवणी करेल?"

"मग मी सांगते."

त्यावर मी जे बोललो ते लिहायला आजही हात जड होतो. मी म्हटलं, हे तुमच्या बापाचं शेड नाही, इथं मालक मी आहे. त्यांच्या वडिलांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. म्हणाल्या, "हंगाम पूर्ण करते. मग नाही." आणि कामाला बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वाहतूकदारांना लिंबाखाली गोळा केलं. मी माडीवर होतो. खिडकी उघडी होती, सगळं ऐकू येत होतं.

"मालकांनी तुम्हाला प्रत्येक गाडीला वेगळा खण देतो म्हटलं," अक्का म्हणाल्या. "ते चुकलं. त्याच्यानं काल तीन तास तुमच्या गाड्या उभ्या राहिल्या. आजपासून बाराच खण."

गलका झाला. कुणीतरी ओरडलं, "आलं! मिसळलं!"

"ऐका. वही एक असली तरी प्रत्येक ओळीवर तुमच्या गाडीचा नंबर असतो. तुमची गाडी कायम त्याच एका खणात पडणार, तुमचा क्रम हलणार नाही. आणि फाटकातून आत आल्याच्या सगळ्या नोंदी एकाच वेगळ्या खणात, म्हणजे कोण आधी आलं त्याचा वाद नाही. हजार खण केले की हजार क्रम होतात. त्यातला आधी कुठला, हे कोण सांगणार? तुम्हाला पाहिजे होतं त्याच्या उलटंच झालं होतं."

सिद्धाराम पुढे आला. "अक्का, तुमाला हे म्हाईत होतं?"

"होतं."

"मग त्याच दिशी का सांगितलं न्हाय?"

"मालकांना सांगितलं. कागद लिहून भिंतीला लावला. तुम्हाला नाही सांगितलं. ती माझी चूक."

सिद्धारामने खांद्यावरचा पंचा काढून पुन्हा टाकला. काल तीन तास फाटकावर चिठ्ठ्या देणाऱ्या बाईशी भांडायला त्याची जीभ उचलत नव्हती, हे मला वरून दिसत होतं. मग त्याने विचारलं, "आन् मालक कुटं हायत?"

अक्कांनी वर बोट दाखवलं नाही. "कामात आहेत," म्हणाल्या. आयुष्यात त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या ते एवढंच. पण साठ माणसांनी माना वर करून खिडकीकडे पाहिलं, आणि मी पडद्याच्या आड सरकलो.

त्याचा राग मी त्यांच्यावर काढत आलो आहे. त्यांनी मला सगळ्यांपुढे उघडं पाडलं. सांगायचंच होतं तर गोड करून सांगायचं होतं, यंत्रात सुधारणा केली म्हणायचं होतं. चूक शब्द कशाला वापरायचा? माझं म्हणणं आजही हेच आहे.

काम मात्र टिकलं. त्यानंतर वीज किती वेळा गेली, कुणी मोजलं नाही. बॅटऱ्या धरायच्या तेवढ्यात मशिनं निवांत मिटायची, वीज आली की चहा होईपर्यंत उठायची. गव्हाण थांबली नाही. पण सिद्धाराम सकाळी खालून हात करायचा बंद झाला. वाहतूकदारांना काही विचारायचं असलं की अक्कांना विचारायचे. मी यार्डात उतरलो की बोलणी थांबायची. सगळा हंगाम मी माझ्याच कामाच्या जागी चोरासारखा वावरलो. अक्का माझ्याशी कामापुरतं बोलायच्या, तेही मालक म्हणूनच, आवाज तोच. त्यांनी एकदा भांडावं म्हणून मी काय काय केलं. त्या भांडल्या नाहीत.

शेवटची गाडी आली तो दिवस चैत्राच्या तोंडाचा, ऊन चढलेलं. शेवटच्या ट्रॉलीला हार घातला होता, गुलाल उडत होता, यार्डात हलगी वाजत होती. अक्कांनी तिन्ही मशिनं एकामागोमाग एक मिटवली, पिशवी खांद्याला लावली आणि निघाल्या. मी त्यांच्या मागे जिना उतरलो. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं.

"पुढच्या हंगामाला पगार वाढवून देतो," मी म्हटलं.

"नको."

"मग काय पाहिजे ते सांगा. तुमचा आकडा तुम्ही सांगा. मी एक शब्द घासणार नाही."

त्या चालत राहिल्या. फाटकापाशी त्यांची स्कूटी उभी होती. तिथंच सिद्धाराम आणि त्याची माणसं गुलालाने माखून उभी होती. त्यांनी अक्कांच्या हातात नारळ ठेवला. सिद्धाराम वाकून नमस्कार करायला गेला, तर त्या मागे सरल्या. माझ्याकडे कुणी बघेना. हलगीवाले थांबले होते, त्यामुळे जरा जास्तच शांत वाटत होतं.

अक्कांनी नारळ डिकीत ठेवला. स्कूटीवर बसल्या. मग सिद्धारामला म्हणाल्या, "थांबा जरा. मालकांना तुमच्याशी बोलायचंय."

मी असं काही म्हटलेलं नव्हतं. पण सगळे माझ्याकडे वळले होते आणि आता तिथं कुठलाही पडदा नव्हता.

मी बोललो. तो शब्द माझा होता, म्हटलं. अक्कांनी मला आधीच सांगितलं होतं, मी सौदा जाईल म्हणून ऐकलं नाही. तुमच्या गाड्या उन्हात उभ्या राहिल्या त्या माझ्यामुळे. दुसऱ्या दिवशी मी खाली यायला हवं होतं, आलो नाही. एवढंच बोललो, चार-पाच वाक्यं, पण शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. सिद्धारामने गुलालाचा हात पंच्याला पुसला.

मी वळून पाहिलं. अक्का तिथं नव्हत्या. मी तोंड उघडायच्या आतच निघाल्या असाव्यात, कारण त्यांची स्कूटी पार सोलापूरच्या रस्त्याला लागली होती, रिकाम्या ट्रॉल्यांच्या कडेकडेने, एका चालीत, मागे न बघता.

ऐकायला तरी थांबायचं होतं.